जोडीने पोहणारे बोंबील

वडाची वाडी, ता. मुरबाड
९ जुलै १९३८

ती. आत्यास चंद्रावतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. लावणी सुरू झाली आहे आणि घरातलं प्रत्येक माणूस चिखलात आहे. हे कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात असतात, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतात. त्यामुळे रोपं लावायला मी, सासूबाई आणि दोन गडी.

मला पुन्हा दिवस गेले आहेत. सासूबाई म्हणाल्या, लिही, त्यात लाजायचं काय. गेल्या दोन वेळचं तुला ठाऊकच आहे. एकदा लावणीत गेलं, एकदा झोडणीत, दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत. आता पुन्हा तिसरा लागेल.

पत्राचं कारण वेगळंच आहे. काल पहाटे मला स्वप्न पडलं. आमच्या खालच्या खाचरात पाय टाकायला गेले तर बांधावर नाग. फणा काढून बसलेला. अंगावर येईना, पण वाटही सोडीना. मी डावीकडे वळले की तोही डावीकडे. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आत्याला स्वप्नांचं कळतं असं लग्नात सगळे सांगत होते, तिला विचार. मामंजीही हो म्हणाले. मामंजी स्वप्नांना फार मानतात. मागे त्यांच्या स्वप्नात तांबडा बैल रडला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या तांबड्याला नांगरावरून सोडवला. तो अजून बसून खातोय.

तुझं उत्तर मामंजी ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवतील. आलेलं पत्र तेच फोडतात आणि जाणारंही वाचून मगच पाकीट चिकटवतात. म्हणून अक्षर नीट काढलं आहे.

तुझी
चंद्रा


मोरवा, भाईंदर
१४ जुलै १९३८

चि. चंद्रास अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या व्याहीबुवांना माझा नमस्कार.

स्वप्न वाचून अंगावर काटा आला, पण आनंदाचा. नाग हा वंशाचा राखणदार. तो अंगावर धावला असता तर गोष्ट निराळी होती. वाट अडवून बसला, म्हणजे त्याला काहीतरी राखायचं आहे, आणि ते भात नव्हे. गर्भारणीच्या वाटेत नाग असा आडवा आला, तर नागपंचमी उलटेपर्यंत तिने चिखलात पाय घालू नये आणि कमरेत वाकून काम करू नये. हे घरच्या कर्त्या पुरुषाने पाळायचं असतं. पाळलं नाही तर नाग पुन्हा येतो, पण मग सुनेच्या स्वप्नात नाही, कर्त्याच्या येतो. व्याहीबुवा जाणते आहेत, त्यांना मी काय सांगावं.

मी सव्वीस वर्षं सुईणपण करतेय आणि स्वप्नांचे अर्थ त्याच्याही आधीपासून सांगतेय. आजवर एकदाही चुकले नाही.

इकडे सगळं ठीक. मिठागरं पाण्याखाली आहेत, तुझा बाप लीलाधर दिवसभर जाळं विणत बसतो आणि मला सुचू देत नाही. तुझी आई गेल्यापासून या घराला बोलायला मी एकटीच, आणि तो ऐकायला एकटाच. कुणाचं जास्त अडतं ते देव जाणे.

तुझी
आत्या


वडाची वाडी
२० सप्टेंबर १९३८

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

नाग पावला. तुझं पत्र वाचून मामंजींनी मला ओटीच्या खालीदेखील उतरू दिलं नाही. सासूबाईंनी माझ्या वाटणीची लावणी केली आणि चकार शब्द काढला नाही. तिसरा महिना गेला, चौथाही गेला. आता पोटात काहीतरी हलतं, मासा शेपटी मारतो तसं.

पण नागपंचमीनंतर पाणी पुन्हा माझ्याकडे आलं. इथली विहीर टेकडीच्या पायथ्याशी आहे. दिवसाला दहा खेपा, तीही चढण.

परवा पहाटे दुसरं स्वप्न पडलं. काळा रेडा ओटीवरून सरळ आत आला, माजघरातले भरलेले हंडे एकामागून एक पिऊन गेला. शेवटचा हंडा पिऊन त्याने जिभेने तोंड पुसलं आणि आला तसा गेला. रेडा म्हणजे यमाचा, म्हणून मामंजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, आजच्या आज लिही.

तुझी
चंद्रा


मोरवा
२५ सप्टेंबर १९३८

चि. चंद्रास आशीर्वाद, व्याहीबुवांना नमस्कार. आधी जेवून घ्यावं, मग पुढचं वाचावं.

रेडा यमाचा खरा. पण यमाचा रेडा घरात शिरला की माणसांकडे बघतो. हा हंड्यांकडे बघत होता. जो पाणी प्याला त्याने ओझं स्वतःवर घेतलं. तेच ओझं पुन्हा गर्भारणीच्या डोक्यावर चढलं, तर आपलं घेतलेलं ओझं कुणी परत उचललं ते पाहायला रेडा परत येतो. तेव्हा बाळंत होईपर्यंत चंद्राने हंडा उचलू नये. आणि पाणी गड्याने आणून चालणार नाही, ते घराच्या धन्याच्या हातचं लागतं. रेड्याच्या बाबतीत असंच आहे, त्याला माझा इलाज नाही. सुनेला रोज पेलाभर दूध द्यावं. तेही रेड्यामुळेच.

उत्तनची सेलीन दर महिन्याला सुकी मासळी घेऊन मुरबाडच्या बाजाराला येते, ती तुला आठवत असेल. तिच्याबरोबर बोंबलांची टोपली पाठवतेय. ती म्हणते, आमचे पाद्री सांगतात की स्वप्नं उशिरा जेवल्याने पडतात. मी म्हटलं, मग तुमच्या पाद्रींना गर्भारपण कळत नाही.

बोंबील सासूबाईंच्या हाती दे. त्या बोलत कमी आणि बघत जास्त, हे मी लग्नातच पाहिलं. त्यांच्या देखत टोपली उघड.

तुझी
आत्या


वडाची वाडी
११ नोव्हेंबर १९३८

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बोंबील पोचले. सासूबाईंना फार आवडले. मामंजी वासाने ओटीवर जाऊन बसतात, टोपलीजवळ फिरकत नाहीत.

पाणी मामंजी स्वतः आणतात. गावाने पाहू नये म्हणून तांबडं फुटायच्या आत दोन हंडे भरतात आणि बाकीच्या खेपा दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की. पहिल्या दिवशी चढणीवर तीनदा बसले. हे त्यांनीच लिहायला सांगितलं आहे, म्हणजे रेड्याचं तंतोतंत पाळलं जातंय हे तुला कळावं.

आता सहावा सरत आलाय. मी मोरव्याला बाळंतपणाला यावं असं बाबांनी विचारलं होतं. मामंजी म्हणतात, पाटलांच्या घरचं पहिलं मूल पाटलांच्या छपराखाली जन्माला येईल, सून कुठे जाणार नाही. इथे सुईण नाही. जी होती ती गेल्या साली वारली. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

काल पहाटे स्वप्न पडलं. आमच्या ओढ्याला पाणी भरभरून आलंय आणि त्यातून बोंबील येताहेत. पिवळेजर्द, करकरीत, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने पोहताहेत. दारापर्यंत आले आणि थांबले. मामंजी अर्थाची वाट पाहताहेत.

तुझी
चंद्रा


(बोंबलांच्या टोपलीच्या तळाशी, केळीच्या पानात गुंडाळलेलं)

मोरवा
२० नोव्हेंबर १९३८

चंद्रा, हा कागद तुझ्या एकटीसाठी. सासूबाईंच्या हाती लागला तरी त्यांना वाचता येत नाही, आणि व्याहीबुवा बोंबलांत हात घालायचे नाहीत. पोस्टाने मी कार्ड टाकलंय की अर्थ गहन आहे, पंचांग पाहून कळवते. तेवढ्याने थोडे दिवस मिळतील.

आता खरं बोलते. नाग आणि रेडा यांचे अर्थ मी माझ्या सोयीने लावले, हे तू ओळखलं असशीलच. सुईण म्हणून लिहिलं असतं की तिला वाकवू नका, ओझं देऊ नका, तर व्याहीबुवांनी पत्र वाचून पाटाखाली सरकवलं असतं. नागाचं ऐकतात, माझं कशाला ऐकतील. पण स्वप्नं तुझी खरी आहेत असंच मी धरून चालले होते.

मग हे बोंबील आले. अगं, तुझं लहानपण उत्तनच्या वाळूत, मासळी वाळवायच्या वलांडीखाली गेलं. जिवंत बोंबील पांढरा, लिबलिबीत, हातात धरला तर ओघळून जातो. त्याच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड आपण अडकवतो, बांबूवर वाळत घालायला. पिवळा करकरीत बोंबील जोडीने पोहताना मोरव्याची पोर झोपेतही बघायची नाही. ज्याने बोंबील फक्त टोपलीत पाहिलाय त्याचंच हे स्वप्न.

म्हणजे ही स्वप्नं सासूबाई सांगतात आणि तू लिहितेस. मला सगळं दिसू लागलंय. त्यांनी आपलं कारस्थान ओळखलं. आता मला काहीतरी अर्थ लिहायला लावायचा आणि व्याहीबुवांपुढे खोटं पाडायचं, म्हणजे तू पुन्हा हंड्याखाली. सातव्या महिन्यातली पोर, जवळ सुईण नाही. मला जेवण जात नाही. तुझ्या आईने तुला माझ्या ओटीत टाकलं ते यासाठी नाही.

खरं काय ते लिहून रिकाम्या टोपलीत घाल. सेलीन परत आणेल.

आत्या


वडाची वाडी
२२ डिसेंबर १९३८

आत्या, मी चंद्रा लिहितेय, पण बोलताहेत सासूबाई. चुलीपुढे बसल्या आहेत. मामंजी पाण्याला गेलेत. त्यांचं बोलणं मी शाळेतल्या भाषेत उतरवतेय, सगळंच काही तसं जमत नाही.

शांताबाई विहिणीस ठमाबाईचा नमस्कार.

तुमचा कागद सुनेने वाचला तेव्हा ती घाबरली आणि मी हसले. होय, स्वप्नं माझीच. नाग माझा, रेडा माझा. बोंबलांनी पकडलं म्हणता? मना काय ठावं, पाण्यात ते येगळे असतात म्हणून. मी जन्मात समुद्र पाहिला न्हाय. टोपलीत जोडीने येतात, वाटलं जोडीनेच राहत असतील.

तुम्हाला वाटलं मी तुम्हाला खड्ड्यात घालते. मला वाटत होतं तुम्ही भोळ्या आहात आणि नशिबाने अर्थ बरोबर लागतात. मी नाग सांगितला तो लावणी चुकावी म्हणून. तुम्ही लिहिलंत चिखलात पाय घालू नये. मी ओटीवर बसून ऐकलं आणि मनात म्हटलं, या बाईला देवानेच बुद्धी दिली.

माझी चार गेली. पाचवा हा चंद्राचा नवरा. चारही वेळा लावणी, पाणी, उखळ. मी धन्यांना सांगितलं, पाठ दुखते. ते म्हणाले, बायकांचं असतंच. ते वाईट नाहीत. त्यांच्या बापाने त्यांच्या आईला हेच सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. मग एक दिवस त्यांच्या स्वप्नात तांबडा बैल रडला आणि त्यांनी त्याला जुवाखालून काढला. त्या दिवशी मला समजलं, या घरात दुखणं सांगून उपयोग न्हाय, ते सपनात दिसलं पायजे. हे समजायला फार उशीर झाला, पण सुनेला उपयोगी पडलं.

आता लवकर बोंबलांचा अर्थ लिहा. सातवा उलटला. तिला मोरव्याला न्या. मला माझं छप्पर नको, मूल हवं.

आणखी एक. हे बनवलेलं नाही, खरंच पडलेलं आहे. एक शेळी ओटीवर धन्यांच्या घोंगडीवर बसलीय आणि पंचांग चघळतेय. भोवती चार करडं. मी हाकलत न्हाय. पाचवं करडू येऊन माझ्या मांडीवर बसलं, तर माझ्या लक्षात आलं की त्याच्या नाकात माझ्या आईची नथ आहे. मी हसत जागी झाले आणि मग रडू आलं. याचा अर्थ काय ते सांगा. धन्यांसाठी नको, माझ्यासाठी.

(आत्या, इतके महिने मी बाळाशी मनातसुद्धा बोलत नव्हते, लळा लागेल म्हणून. आता बोलते. — चंद्रा)


मोरवा
२६ डिसेंबर १९३८

चि. चंद्रास आशीर्वाद, व्याहीबुवांना नमस्कार.

पंचांग पाहिलं, सेलीनलाही विचारलं, कारण बोंबील हा तिच्या घरचा विषय. अर्थ स्वच्छ आहे. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात येऊन दाराशी थांबला, म्हणजे तो आपल्या पाण्यात परत न्यायला सांगतोय. जिथलं पाणी तिथेच सुटका. मुलीला आठवडाभरात खाडीकाठी पोचवावं.

आणि बोंबील एकेकटे नव्हते, जोडीने होते, ही खूण सोडून चालणार नाही. सून एकटी आली तर स्वप्न अर्धं राहतं. सोबत घरची थोरली बाई हवी, आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत तिने हलू नये. पाटलांच्या छपराखालची बाई बरोबर असली की छप्पर बरोबर असल्यासारखंच. व्याहीबुवांना हे पटेल.

तुझी
आत्या

(टोपलीत, त्याच तारखेचं)

ठमाबाई, सेलीनला या खेपेला महिना न थांबता लगेच परत पाठवतेय. लग्नापासून मी तुम्हाला नावं ठेवत आले. ती सगळी मागे घेते.

शेळीचं म्हणाल, तर माझ्या हातांवर किती बाळं आली ते मी मोजलं नाही. काही राहिली नाहीत. त्यांच्या आया त्यांना विसरल्या असं मात्र मी एकदाही पाहिलं नाही. तुमच्या चौघांना तुम्ही घरात जागा देऊन ठेवलीय, ती बसायला आली. पाचवं करडू चंद्राचं, त्याच्यासाठी मांडी मोकळी ठेवा. याहून जास्त मला कळत नाही, आणि या वेळी मी काही बनवून सांगणार नाही.

शांता


वडाची वाडी
८ मार्च १९३९

गं. भा. शांताबाई यांस भिकाजी धोंडू पाटील यांचा नमस्कार वि. वि.

चि. चंद्रावती ता. ११ फेब्रुवारीस सुखरूप बाळंत होऊन मुलगी झाल्याचे कळले. मुलगी आडवी होती व आपण ती हाताने फिरवून सोडवली, असे चिरंजीवांनी कल्याणहून लिहिले आहे. इथे ते कोणास जमले नसते, हे मी जाणतो. आपले उपकार आहेत. मुलगी झाली म्हणून मी नाराज असेन अशी कोणाची समजूत असल्यास ती दूर करावी. पेढे वाटले.

घरी मी एकटा. गडी भाकरी टाकून जातो. परवा तोंडाला चव नव्हती म्हणून प्रथमच बोंबलांच्या टोपलीत हात घातला. तळाशी दोन कागद सापडले. माझा हात तिथे कधी जाणार नाही अशा हिशेबाने ठेवलेले दिसतात. दोन्ही वाचले.

दोन दिवस राग होता. ओटीवर बसून पत्र वाचणारा मी, आणि घरात सर्वांना ठाऊक, मला सोडून. तिसऱ्या दिवशी पाणी आणायला गेलो. आता घरात गर्भारीण नाही, रेडाही नाही, तरी सवयीने गेलो. चढणीवर हंडा घेऊन बसलो असता मनात आले की ही चढण ती चाळीस वर्षे चढली आणि त्यांतली काही वर्षे चार जीव पोटात घेऊन. मला ती कधी दिसली नाही. बैल दिसला.

आता एका स्वप्नाचा अर्थ विचारायचा आहे. म्हातारा बैल गोठ्यात एकटा उभा आहे. वैरण पुढे आहे, पण खात नाही. दाराकडे बघतो. हे स्वप्न मला पडलेले नाही. पण आपल्याकडे अशाच स्वप्नांचे अर्थ बरोबर लागतात, असे दिसते.

आपला
भिकाजी पाटील


मोरवा
१३ मार्च १९३९

व्याहीबुवांस शांताबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. या घरात पत्र ओटीवर वाचायची पद्धत नाही, पण या वेळी मी ती पाळली. ठमाबाई नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. मी वाचत गेले. शेवटचं वाचून झालं तरी त्या पाणी ओतत राहिल्या. मग पदर तोंडाशी नेऊन हसल्या, आणि त्याच पदराने डोळे पुसले.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मागच्या रविवारी सेलीनने त्यांना उत्तनला नेलं. समुद्र बघून म्हणाल्या, एवढं पाणी आणि कोणाच्या डोक्यावर न्हाय. होडीतला जिवंत बोंबील हातात घेतला, तो ओघळून वाळूत पडला, तेव्हा इतक्या हसल्या की कोळणीही हसू लागल्या.

स्वप्नाचा अर्थ मी सांगणार नाही, तो माझ्या अखत्यारीतला नाही. त्यांना विचारलं, काय लिहू. त्या म्हणाल्या ते तसंच लिहिते.

"बैलाला लिवा, वैरन खा. पाडवा झाला की येते, नात आनि सून घेऊन. टोपलीतले कागद होते तिथं ठेवा, माझे हायेत. आनि लिवा, पाठ माझी अजून दुखते. सपन न्हाय, मीच सांगते. बगू काय म्हनतात."

शांता


(पोस्टकार्ड)

वडाची वाडी
१७ मार्च १९३९

कल्याण स्टेशनावर गाडी घेऊन मी स्वतः येत आहे. पेंढा दुप्पट अंथरला आहे, वर घोंगडी. हंडे भरलेले आहेत. रस्त्यात गाडी सावकाश हाकीन.

भिकाजी